टेलर या शब्दात सुई नाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये आठ बाय दहाची एक खोली आहे. दारावर पिवळ्या रंगात नुसतं 'टेलर' एवढंच लिहिलंय. पाटी रंगवणाऱ्याने पुढे नावासाठी जागा सोडली होती, पण मास्तरांनी ती कधी भरलीच नाही. "नाव कशाला? ज्याचा खांदा नीट बसतो तो आपणहून परत येतो," असं त्यांचं म्हणणं.

मास्तर उंच, शिडशिडीत आणि बोलण्यात तिरकस. गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं मात्र पक्की राहत. "काय गं, साडेपंधरा कॉलर येऊन गेले का?" असं ते विचारत, आणि खिडकीजवळच्या मशीनवर बसलेली त्यांची धाकटी बहीण मान वर न करता सांगे, "गेले. त्यांच्याबरोबर चाळीस कंबरही होत्या."

ही बहीण म्हणजे बॉबिनताई. ठेंगणी, गोलसर, आणि दिवसभर गरगर फिरणारी, म्हणून मास्तरांनीच तिला बॉबिन म्हणायला सुरुवात केली. गल्लीने पुढे 'ताई' जोडून त्या नावाला जरा मान दिला.

त्या दोघांच्या कामाची एक रीत ठरलेली होती. माप मास्तर घेणार, खडूने आखणार, बेतणार आणि कापणार. मग एका कपड्याचे सगळे तुकडे त्याच कापडाच्या पट्टीने बांधायचे आणि टेबलावरून "झेल!" म्हणत ते गाठोडं बहिणीकडे फेकायचं. ती एक हात मशीनवर ठेवून दुसऱ्या हाताने ते झेलायची. बावीस वर्षांत एकही गाठोडं खाली पडलं नसेल. आणि त्या बावीस वर्षांत तिने टेबलावरच्या मोठ्या कात्रीला हातही लावला नव्हता.

अगदी सुरुवातीला एकदाच लावला होता. मास्तर बाहेर गेले होते. दादाला चकित करावं म्हणून हिने एका गृहस्थाचा कोट बेतला. बाहीचा कागदी नमुना कापडावर ठेवला, कापला, पुन्हा ठेवला, पुन्हा कापला. दुसऱ्यांदा तो उलटा करून ठेवायचा असतो, ते विसरली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. मास्तर परत आले, त्यांनी बाह्या उचलून पाहिल्या आणि हसत हसत खालीच बसले. पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "आमच्याकडे दोन डाव्या हातांच्या माणसांची खास सोय आहे हं!" ते थट्टेने बोलत. तिने मात्र ते मनाला लावून घेतलं आणि कात्री दादाची, मशीन माझं, असं कायमचं ठरवून टाकलं.

या वर्षी मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. परगावी असलेल्या मुलाने सांगितलं, आता पुरे झालं, महिनाअखेर मी न्यायला येतो. म्हणजे दुकान बंद. कापणाराच नाही तर शिवणारी काय शिवणार? बॉबिनताईंनी शहराबाहेरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यात बोलून ठेवलं होतं. मी विचारलं, "तिथे काय काम?"

"खिसे. एकेकीला एकेक काम असतं. मला पँटचे मागचे खिसे मिळणार."

"आवडेल तुम्हाला?"

"खिशात काय आवडायचंय, ताई? दिवसाला तीनशे खिसे. त्यात हात कुणाचा जाणार तेही कळायचं नाही."

एवढं बोलून त्यांनी मशीन सुरू केलं, नेहमीपेक्षा जरा जोरातच.

नेमकी त्याच आठवड्यात मी कापड घेऊन त्यांच्याकडे गेले. माझ्या लेकीची पहिली मुलाखत बारा दिवसांवर आली होती. कापड माझ्या वडिलांनी दिलेलं, गडद निळं, लोकरीचं. माझं कॉलेज संपलं तेव्हा "नोकरीला लागलीस की कोट शिव," असं म्हणून त्यांनी ते हातात ठेवलं होतं. नोकरी राहिली, लेक झाली. कापड तेवीस वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून होतं. सव्वादोन मीटर, एक बोटभरही जास्त नाही. असं कापड आता मिळत नाही, आणि मिळालं तरी ते माझ्या वडिलांनी दिलेलं नसेल.

मास्तर दाराशी स्टुलावर काळा चष्मा लावून बसले होते.

"बाई, तीन आठवडे वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. वाकलो तर डोळा कापडावर पडेल, असं म्हणाले नाहीत, पण चेहरा तसाच होता."

"मग हे कोण कापणार?"

मास्तरांनी मान बहिणीकडे वळवली. बहिणीने मान खिडकीकडे वळवली.

"मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात द्या ना," बॉबिनताई म्हणाल्या.

"त्यांनी वीस दिवस सांगितलेत."

"मग तयार कोट घ्या."

"तुम्हीच का नाही कापत?"

मशीन थांबलं. "मी टेलर नाही हो, ताई. मी नुसती शिवणारी. टेलर दादा." आणि अपमान झाल्यासारखं नव्हे, तर पत्ता सांगावा तसं सांगून त्या पुन्हा कामाला लागल्या.

मी घरी आले. मला काळजी करायला फार मोठं कारण लागत नाही, आणि या वेळी तर चांगलं सव्वादोन मीटरचं कारण होतं. काळजी वाटली की मी कॉलेजातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश उघडते. त्यात प्रत्येक शब्द कुठून आला, त्याचे आईबाप कोण, ते बारीक अक्षरात दिलेलं असतं. शब्दांच्या कुळात शिरलं की माणसांची चिंता थोडी मागे पडते.

"झालं सुरू!" लेक म्हणाली. "मला दहावीला ताप आला तेव्हा आईने 'फीवर' शोधला होता. आज काय?"

"टेलर."

"अगं, टेलर शोधायचा तर रस्त्यावर शोध ना!"

पण मला जे सापडलं त्याने मी इतकी हरखले, की दुसऱ्या दिवशी तो शब्दकोश पिशवीत घालून, लेकीला बरोबर घेऊन दुकानात गेले. मास्तर स्टुलावर होते. बॉबिनताई काज करत होत्या. मी शब्दकोश कापायच्या टेबलावर ठेवला आणि मास्तरीणबाईंसारखी सांगायला लागले.

"ऐका. टेलर हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. आपल्याला वाटतं टेलर म्हणजे शिवणारा. पण मुळात त्या शब्दाचा अर्थ आहे कापणारा! त्याच्याही मागे गेलं तर एक लॅटिन शब्द आहे, नवीन झाड लावायला म्हणून कापून घेतलेली काटकी. म्हणजे अख्ख्या शब्दात सुई नाही, दोरा नाही, शिवण नाही. नुसती कात्री!"

माझा हेतू चांगला होता. म्हणजे बघा, कापायचं धाडस केलंत की झालात टेलर, असं काहीतरी मला पुढे म्हणायचं होतं. पण ते माझ्या तोंडून बाहेर पडायच्या आत बॉबिनताईंनी काज करायचं कापड मांडीवर ठेवलं.

"बघा. मी काल काय म्हटलं? मी टेलर नाही. तुमच्या पुस्तकातही तेच लिहिलंय."

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. बरं झालं, खात्री झाली. खिसेच बरे."

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, की मला शब्दकोशात शिरून पान मिटून घ्यावंसं वाटलं. मास्तर खो खो हसायला लागले. "बाई, तुम्ही विझवायला आलात की पेटवायला?"

मी घाईघाईने पुढे वाचायला लागले. थांबले असते तर रडू आलं असतं. "अजून आहे, अजून आहे. याच मुळापासून आणखी शब्द निघालेत. डिटेल आपण म्हणतो ना, बारीक तपशील? ते म्हणजे कापून तुकडे तुकडे करणं. आणि रिटेल, म्हणजे किरकोळ विक्री. तेही यातलंच. त्याचा जुना अर्थ दिलाय, कापलेलं पुन्हा कापणं, छाटणं. छाटून पडलेल्या तुकड्यालाही तेच म्हणायचे."

मास्तरांचं हसणं एकदम थांबलं.

"काय म्हणालात? पुन्हा कापणं?"

"हो. आधी कापलेलं पुन्हा छाटून नीट करणं."

मास्तरांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. डॉक्टरांनी तेही नको म्हणून सांगितलं होतं. "बॉबिन, ऐकलंस? मग तू तीन वर्षं दुसरं काय करतेयस?"

बॉबिनताईंचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांचं कपाट उघडलं. "काय करतेय? काही नाही."

"काही नाही कसं? माझ्या टेबलाखाली दिवसाला मूठभर कातरण पडतं आणि तुझ्या मशीनखाली टोपलीभर. शिवणाऱ्याच्या पायाशी एवढं कातरण कुठून येतं गं? मशीन काय कापड खातं?"

"दादा..."

"माझा डोळा गेला त्याआधीच माझी कात्री गेली होती. बाहीचा मुंढा अर्धा बोट बाहेर, खांदा खाली. मला खडूच्या एका रेघेच्या दोन दिसायच्या. त्यातली कुठली खरी ते मी देवावर सोडायचो. आणि ही बया गाठोडं झेलायची, गुपचूप सोडायची, छोट्या कात्रीने एकेक तुकडा नीट करायची आणि मगच शिवायची. मला कळू नये म्हणून माझी पाठ वळायची वाट बघायची. मला वाटायचं, हिला वाटतंय मला कळत नाही. वाटू दे तसंच."

बॉबिनताईंचा आवाज चढला. "तुला माहीत होतं? तीन वर्षं?"

"तीन वर्षं आणि वर एक पावसाळा."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुला लाज वाटून तू छाटणं बंद केलं असतंस. मग अख्ख्या गावाचे खांदे लोंबले असते. माझी अब्रू तुझ्या छोट्या कात्रीत होती, मी कशाला बोलू?"

बाजूच्या टपरीत किल्ली घासल्याचा आवाज येत होता. मग बॉबिनताई हळूच म्हणाल्या, "छाटणं वेगळं असतं, दादा. तिथे तू आखलेलं असतं. कोऱ्या कापडावर मला..."

"मी आखलेलं चुकीचंच असायचं ना? मग तू कशावरून छाटत होतीस?"

"माणसावरून. माप घेताना मी मान खाली घालून बसते, पण माणूस बघितलेला असतो ना. कोण पोक काढून चालतो, कुणाचा एक खांदा उतरलाय."

"अगं, मग बेतणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?"

बॉबिनताईंनी माझ्या लेकीकडे पाहिलं. खालून वर, मग वरून खाली. आणि जरा रागावूनच म्हणाल्या, "हिचा उजवा खांदा खाली आहे. पिशवी एकाच खांद्याला अडकवतेस ना गं?"

"हो, मावशी."

"मोठ्या रस्त्यावरच्यांना ते दिसलंही नसतं."

मला वाटलं, जिंकलो. पण बॉबिनताई टेबलापाशी गेल्या आणि तिथेच अडल्या. टेबल मास्तरांच्या उंचीचं. त्याची कड बॉबिनताईंच्या छातीला लागत होती. हात मध्यापर्यंतही पोचेना. खाली जमिनीवर कापड पसरावं तर जागा नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि जवळजवळ सुटल्यासारख्या म्हणाल्या, "बघा, टेबलही नको म्हणतंय."

मास्तरांनी दारातून हाक मारली, "अरे किल्लीवाल्या! करवत आहे का?"

"आहे मास्तर, कशाला?"

"टेबलाचे पाय कापायचेत."

"दादा!" बॉबिनताई ओरडल्या. "तुझं टेबल आहे ते! बत्तीस वर्षांचं!"

"मला काय मुलाकडे पाठीवर बांधून न्यायचंय? कापा रे."

टेबल मोकळं करून आडवं केलं. किल्लीवाला किल्लीच्या बारीक दात्यांच्या कामात तरबेज, पण करवतीचा त्याला सराव नव्हता. त्याने अंदाजाने चारही पाय कापले आणि टेबल उभं केलं तर ते डुगडुगायला लागलं. मग लांब राहिलेले दोन पाय पुन्हा कापले, तर ते दुसऱ्या बाजूला कललं. तिसऱ्यांदा त्याने करवत उचलली तशा बॉबिनताई मध्ये पडल्या.

"ठेव ती करवत! असंच चाललं तर मला मांडी घालून कापावं लागेल." त्यांनी गळ्यातली टेप काढली, आपल्या कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं, मग पालथ्या टेबलाचा एकेक पाय मोजला आणि खडूने चारही पायांवर बारीक रेघा मारल्या. "इथे. रेघेच्या बाहेरून काप, रेघेवरून नाही. रेघ राहिली पाहिजे."

किल्लीवाल्याने रेघा राखून कापलं. टेबल उभं केलं, तर ते जराही हललं नाही. मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

कोट दुसऱ्या दिवशी सकाळी कापायचं ठरलं. मी सांगत होते, जुन्या चादरीवर एकदा करून बघा. बॉबिनताई म्हणाल्या, "चादरीवर हात थरथरत नाही, ताई. मग उपयोग काय?" त्यांनी कागदाचे नमुने कापडावर मांडले, पुन्हा मांडले, उचलले, फिरवले. सव्वादोन मीटरमध्ये कोट काही बसेना. शेवटी त्यांनी कोटाच्या पुढच्या कडेला आतून लागणारी पट्टी एकसंध न ठेवता दोन तुकड्यांत घ्यायचं ठरवलं. दोन्ही बाह्यांचे कागद त्यांनी समोरासमोर ठेवले, एकमेकांना नमस्कार करणाऱ्या दोन हातांसारखे, आणि मास्तरांनी तिकडे मान वळवलेली पाहून म्हणाल्या, "आज काही बोललास तर तुझ्या डोळ्याच्या डॉक्टरांना फोन करीन."

"मी कुठे काय बोललो? मी काही बघितलंच नाही. मला दिसत नाही."

मोठी कात्री त्यांनी हातात घेतली. लेक शांत उभी होती. मला मात्र तिथे उभं राहवेना. मी बाहेर जाऊन किल्लीवाल्यासमोर उभी राहिले आणि काहीतरी करायचं म्हणून जुडग्यातली आमच्या अडगळीच्या खोलीची किल्ली काढून तिची एक जादा किल्ली करायला दिली. त्या खोलीला कुलूप आम्ही कधीच लावत नाही. किल्ली घासण्याच्या आवाजाखाली मला आतून कात्रीचा आवाज ऐकू येत होता. टेबलावर धातू घासत जाणारा, लांब, न थांबणारा. थांबला तर मी आत पळत गेले असते. तो थांबला नाही.

मी आत गेले तेव्हा तुकडे एकावर एक रचलेले होते आणि बॉबिनताई बाजूला उभ्या राहून कपाळाचा घाम पदराने पुसत होत्या. "झालं," एवढंच त्या म्हणाल्या. मग सवयीने त्यांनी एक पट्टी घेतली, गाठोडं बांधलं, आणि ते हातात धरून खोलीभर पाहिलं. फेकणार कोणाकडे?

"इकडे दे," मास्तर म्हणाले. त्यांनी ते मांडीवर घेतलं, बोटांनी एकेक कड चाचपली आणि मशीनवर ठेवून दिलं. "छाटायला काही ठेवलं नाहीस. आता तुझ्या टोपलीचं काय होणार?"

कच्ची शिलाई दोन दिवसांनी झाली. लेकीने कोट घातला, आरशात पाहिलं, हात वर केले, खाली केले, खुर्चीत बसून पाहिलं. उजवा खांदा डाव्याच्या बरोबरीने दिसत होता. बॉबिनताईंनी कोटाची पुढची बाजू उघडून आतल्या पट्टीचा जोड मला आपणहून दाखवला. "इथे जोड आहे. कुणाला दिसणार नाही, पण तुम्हाला माहीत असलेला बरा." मी म्हटलं, माझ्या वडिलांनीच कापड कमी दिलं, तुमचा काय दोष! हे ऐकून मास्तर म्हणाले, "बाईंनी एकदाची कुणाची तरी काळजी कमी केली."

मुलाखत झाली. निकाल अजून कळलेला नाही, त्यामुळे माझा शब्दकोश अजून टेबलावरच असतो. पण तिथल्या एका बाईंनी "कोट कुठे शिवलास?" असं विचारलं, हे लेकीने मला घरात पाय टाकायच्या आधी, जिन्यातूनच ओरडून सांगितलं. मी तशीच चपला घालून दुकानात गेले आणि ते सांगितलं. बॉबिनताईंनी नुसतं "हं" केलं. संध्याकाळी त्यांनी कारखान्यात फोन करून सांगितलं की मी येत नाही, खिसे दुसऱ्या कुणाला द्या.

महिनाअखेर मास्तर मुलाकडे गेले. जाताना त्यांनी मोठी कात्री तेल लावून टेबलावर ठेवली आणि छोटी खिशात घालून नेली. "नखं कापायला," म्हणाले.

परवा मी बटण लावून घ्यायला गेले होते. बँकेतले एक गृहस्थ पँटचं कापड घेऊन आत आले आणि खोलीत इकडेतिकडे बघत म्हणाले, "मास्तर नाहीत का?"

"नाहीत."

"मग कटिंग कोण करतं?"

बॉबिनताई मशीनवरून उठल्या. कापड त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर टाकलं, टेप गळ्यातून ओढली आणि म्हणाल्या, "सरळ उभे राहा. हात सोडा. आणि तो श्वास सोडा आधी. पोट आत घेऊन माप दिलंत, तर पँट घालताना रोज पोट घरी ठेवून यावं लागेल."

गृहस्थांनी श्वास सोडला.